शेवटचं धडधाकट पाहिलं ती वेळ

फॉर्मवरचा अकरावा प्रश्न हाच.
पुढे दोन चौकोन तासांसाठी, दोन मिनिटांसाठी.

तारामुंबरीत सुलोचना कोयंडे म्हणाली,
"सुकती लागलेली. होडी अजून पाण्यातच हुती."
मी भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं,
तिथीवरून मागे मोजत गेले
आणि भरलं : ०६ – ४०.
कासिम होडेकरांच्या घरी वेळ निघाली फजरच्या अजानीवरून.
मिठबावात, वस्तीची एसटी सुटल्यावर.

एकीला कुणी पाहिलंच नव्हतं.
आदल्या सांजेला तिने दोरीवरचे बांगडे पालटले, एवढं शेजारणीला आठवतं.
सकाळी कावळे बसलेले, कुणी हाकलत नव्हतं,
म्हणून शेजारीण आत गेली.
बांगडे पालटले तीच वेळ धरावी लागते, नियम आहे.
गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साडेचार तास,
आणि तिचे ते झोपेतच उलटून गेले होते,
नांदगाव तिठ्यापलीकडचं स्कॅनचं यंत्र
कुणाला आठवायच्याही आधी.

रकाना ब : जोखमीचे घटक.
दंडाला पट्टा गुंडाळला की पडवीभर हसू.
एकशे ब्याण्णव.
गोळी?
"हुती. बरा वाटला, सोडलंय."
(हे वाक्य इतक्या घरांत ऐकलं
की त्याला मी एक खूण ठरवून टाकली आहे, छोटा गोल.)
मिसरी दिवसातून किती वेळा.
मीठ किती चमचे.
"चमच्यान कोण घालता गो? मुठीन."
मी तिची मूठ बघते. लहान आहे. तरी.

तीन महिन्यांनी पुन्हा तीच घरं.
आता पट्टी शून्य ते सहा.
शून्य म्हणजे काही झालंच नाही असं,
सहाला पुढचे प्रश्न नसतात.

दत्ताराम तारींचा डावा हात परत आला,
डावी बाजू आली नाही.
मांडीवरचं जाळं उजवीकडे डोळ्यान् डोळा नेटका,
डावीकडे माणूस पार होईल एवढं भगदाड,
आणि ते म्हणतात, झालं शिवून.
जेवताना अर्धा भात ताटात तसाच,
"बांगडो खंय?" म्हणून बायकोवर डाफरतात.
ती काही बोलत नाही. ताट अर्धं फिरवते.
बांगडा येतो.
रात्री ते निजले की जाळंही फिरवून ठेवते.
मी लिहिलं : तीन. चालतात, थोडी मदत लागते.
आणि समासात, बारीक अक्षरात, ताटाचं.
फोनवर मॅडम म्हणाल्या,
समासातलं कॉम्प्युटर घेत नाही, सुहासिनी.

शेवंती धुरी बंदरावर लिलाव पुकारायची.
तिचे शब्द गेले, आकडे राहिले.
नाव विचारलं तर, "अडीचशे."
नातवाला सगळं कळतं :
ऐंशी म्हणजे पाणी, दीडशे म्हणजे पंखा बंद कर,
हजार म्हणजे आजोबा, ते फार पूर्वी वारलेत.
फॉर्मप्रमाणे विचारलं, आता कसं वाटतं?
नातवाने खांदे उडवले, हे त्यालाही नवीन.
ती खाडीकडे बघत राहिली बराच वेळ, मग हळू,
"पाचशे."
"चारशे नव्वद."
"चारशे ऐंशी."
मी थांबले, कुणीतरी बोली लावील म्हणून.

आई शिरोड्याला एकटी असते.
फोन ठेवला की आता मी
वहीच्या मागच्या पानावर वेळ टाकते.
२१ – १२. २० – ४७. २१ – ०५.
तिला सांगितलेलं नाही,
ती फक्त विचारते, हल्ली रोज गो कसा फोन करतंस?
काल टॉवर बंद होता.
तिथे चारही चौकोन आखून ठेवलेत.